जुनी लहान मोटार घ्यावी का?

सारंगखेड्याला दत्ताच्या जत्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथं घोडा घेणारा माणूस कसा घेतो, ते तुम्ही पाहिले असेल. तो आधी दात बघतो. खूर उचलून बघतो. मग घोडा चालवून बघतो, पळवून बघतो. पाठीवरच्या झुलीला तो भुलत नाही. बैल घेतानाही आपण हेच करतो. पण तोच शहाणा माणूस जुनी मोटार बघायला जातो, आणि धुऊन-पुसून चकचकीत केलेली गाडी दिसली की इसार देऊन मोकळा होतो!

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. तेव्हापासून कचेऱ्यांची कामे नंदुरबारला आली. शहादा, तळोदा इकडून कितीतरी माणसे रोज तिकडे नोकरीला, शिकायला, कामाला जातात. एस.टी. चुकली की दिवस बुडतो. मग मनात येते, एखादी जुनी लहान गाडी घेतली तर?

आधी हिशोब करू. पाटी-पेन्सिल घ्या.

शहाद्याहून नंदुरबार सुमारे ४० किलोमीटर. जाऊन-येऊन ८०. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,००० किलोमीटर झाले. जुनी लहान मोटार लिटरला १६ किलोमीटर देते असे धरू. म्हणजे १२५ लिटर पेट्रोल. लिटरचा भाव हिशोबापुरता १०५ रुपये धरला, तर महिन्याला १३,१२५ रुपये नुसते पेट्रोलला गेले. मोटारसायकल लिटरला ५० किलोमीटर देत असेल तर तिला ४० लिटर, म्हणजे ४,२०० रुपये लागतात.

एकट्या माणसाला रोजच्या जाण्यायेण्यासाठी मोटार परवडत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळालेली असो. पण समजा घरातली तीन माणसे एकाच वाटेने जातात. नवरा कचेरीत, बायको दवाखान्यात, मुलगी कॉलेजात. मग १३,१२५ चे तीन वाटे करा. माणशी ४,३७५ झाले. म्हणजे मोटारसायकलीच्या जवळपास आले. शिवाय मोटारसायकलीवर तिघांना बसता येत नाही. पावसाळ्यात भिजणे नाही, वैशाखात ऊन नाही.

एस.टी.चाही विचार करावा. मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ६५ वर्षांवरच्या माणसांना अर्धे, आणि ७५ वर्षांवरच्यांना फुकट. ज्या गावाला वेळेवर गाडी येते, त्या गावच्या माणसाने मोटारीच्या नादी लागू नये, असे आम्हाला वाटते.

काहीजण म्हणतात, वाटेत चार माणसे भाड्याने बसवू, पेट्रोल निघेल. तसे करू नका. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीत भाडे घेऊन माणसे नेण्यास परवानगी नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

आता गाडी कोणती घ्यावी? आम्ही म्हणतो, सर्वांत साधी घ्यावी. ज्या गाडीकडे कुणी वळून बघत नाही, ती घ्यावी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० निघाली, तेव्हा तिची किंमत ४७,५०० रुपये होती. २०१४ साली ती तयार होणे बंद झाले. तिच्याच जातीची अल्टो २००० साली आली. या गाड्या इतक्या खपल्या, की त्यांचे सामान तालुक्याच्या गावी मिळते आणि मिस्त्री डोळे मिटून त्या खोलतो. भारी नावाची मोठी जुनी गाडी कधी कधी याच पैशांत मिळते. पण तिचा एक सुटा भाग सुरतेहून मागवावा लागला की आठ दिवस गाडी दारात उभी. रोज कामाला जाणाऱ्याला असली गाडी काय कामाची?

या लहान गाडीचे दोषही सांगितले पाहिजेत. इंजिन लहान असते. चार माणसे बसवून धडगावकडे चांदसैली घाट चढायचा म्हणजे एसी बंद करावा लागतो, आणि गाडी कण्हत चढते. सपाट रस्त्याला ती चांगली. दुसरे असे, की २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत बहुधा हे नसते. म्हणून थोडे पैसे जास्त पडले तरी हे असलेली गाडी बघावी. पट्टा तर सगळ्यांनीच लावायचा, मागे बसणाऱ्यांनीसुद्धा.

वयही बघा. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासून ५-५ वर्षे वाढवून मिळते. एप्रिल २०२२ मध्ये या वाढवण्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० केली. पर्यावरण कर वेगळा. तेव्हा १४ वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली, तर ती का स्वस्त आहे ते ओळखा.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचे असेल. चालू केल्यावर धूर निळसर आला तर इंजिन ऑइल जळते आहे. ऑइलचे झाकण उघडा. आत दुधाळ साय दिसली तर ऑइलमध्ये पाणी गेले आहे. अशी गाडी सोडून द्या. टायरवर चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याला विचारू नका, स्वतः वाचा.

आम्ही स्वतः एकदा फसलो आहोत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडले, आणि आपल्या प्रकाशावरून जाणारी तीच तापी सुरत शहरात शिरली. पुढच्या वर्षी आम्ही एका दलालाकडून गुजरात पासिंगची गाडी घेतली. फार स्वस्त! दोन महिन्यांत दिवे आपोआप लागू लागले, मग विझू लागले. मिस्त्रीने पायाखालचे मॅट उचलले, तर खाली वाळलेला गाळ. पट्टा पूर्ण ओढून बाहेर काढला, तर त्यावर पाण्याची रेघ. या दोन गोष्टी बघायला आम्हाला दोन मिनिटे लागली असती. विकताना निम्मे पैसेही आले नाहीत. घरच्यांचे बोलणे ऐकावे लागले ते वेगळेच.

आता कागद. आर.सी. बुकावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म मागा. गाडी गुजरातची असेल तर तिकडच्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला हवा. इंजिन १,००० सीसीपर्यंत असेल तर दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा जून २०२२ च्या दराने वर्षाला २,०९४ रुपये आणि वर कर. हा विमा चुकवू नये.

२९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी नावावर करून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा. "करू सावकाश" म्हणू नका. एका माणसाने २००७ साली मोटार विकली. ती हातोहाती पुढे गेली, पण नाव कुणी बदलले नाही. २००९ साली तिने अपघात केला, एक मुलगा गेला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. तुम्ही आपली जुनी मोटारसायकल विकाल, तेव्हाही हे लक्षात असू द्या.

नवे आर.सी. हातात आले की घरी नेऊन कपाटात ठेवण्याआधी वाचा. नाव, गाव, चासी नंबर. एखादे अक्षर चुकले असेल तर लगेच परत आर.टी.ओ. कचेरीत जा.