गोळ्या वाटल्या, पोटात किती गेल्या?

काही वर्षांपूर्वी एका गावच्या तरुण मंडळाने किशोरवयीन मुलींसाठी आरोग्य शिबिर ठेवले होते. मंडप, सतरंज्या, माईक, हारतुरे, सारे यथासांग. मुलींच्या बोटातून रक्त घेऊन हिमोग्लोबिन तपासले. निम्म्याहून अधिक जणींचे कमी भरले. मी अर्धा तास पालेभाज्या, गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या यांवर बोललो. प्रत्येकीच्या हाती गोळ्यांच्या पट्ट्या दिल्या. चहा झाला, आभार झाले. मंडळाची पोरे खूष, मीही खूष.

तीन-चार महिन्यांनी त्याच गावची एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. जिना चढताना धाप, अधूनमधून चक्कर, पापणीच्या आतली बाजू पांढरीफटक.

‘‘गोळ्या संपवल्यास का गं?’’

मुलगी गप्प. आई म्हणाली, ‘‘डाक्टरसाहेब, त्या गोळीनं तिला मळमळतंय. अन् शेजारीण म्हणली, ही गोळी घेतल्यावर पुढं लेकरूच होत नाही. मग ठिवल्या फडताळात.’’

नंतर मी कंपाउंडरला त्या गावी पाठवून घरोघर चौकशी करायला लावली. बहुतेक घरी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी म्हणजे मळमळ कमी होते, तिच्याबरोबर चहा घेऊ नये, शौचाला काळे झाले तरी घाबरू नये, आणि तिचा मूल होण्या-न होण्याशी काडीचाही संबंध नाही, या चार गोष्टी मी भाषणात सांगितल्याच नव्हत्या. सांगितल्या नव्हत्या, कारण मुलींच्या आणि आयांच्या मनात काय आहे हे मी आधी विचारलेच नव्हते.

संशोधन म्हटले की सूक्ष्मदर्शक आणि जाडजूड इंग्रजी ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. पण वाचकहो, आधी विचारणे, मग करणे, आणि केल्यावर मोजणे, यालाच संशोधन म्हणतात. तरुण मुलामुलींसाठी गावोगाव शिबिरे, मेळावे, व्याख्याने होतात. त्यातले कशाने काय साधले हे विचारले, तर ‘उत्तम प्रतिसाद मिळाला’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

याला एक चांगला अपवाद आपल्याच जिल्ह्यात आहे. बीडच्या रस्त्याने आडूळच्या पुढे गेले की पैठण तालुक्यातले पाचोड लागते. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट’ या संस्थेने, डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकाराने, १९९८ च्या सुमारास खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. त्या काळी या भागात पंधरा-सोळाव्या वर्षी मुलीचे लग्न ही रीतच होती. मुलीचे लग्नाचे वय १८ हवे हा कायदा १९७८ पासून होता, पण तो तालुक्याच्या कचेरीत होता, गावात नव्हता.

संस्थेने भाषणाने सुरुवात केली नाही. मुलींच्या आईवडिलांना बरोबर घेऊन कार्यक्रम आखला. वर्ग गावातच, संध्याकाळी, एक तास, आठवड्यातून पाच दिवस आणि वर्षभर. शाळा सुटलेल्या, दिवसा शेतात राबणाऱ्या किंवा धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींवर भर, कारण शाळेत जाणारीला निदान शाळा तरी आहे. शिकवायला शहरातली ताई नाही, तर गावातलीच, किमान सातवी शिकलेली बाई. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्या मुलीला अमक्याची सून शिकवते आहे हे माहीत असले, की बाप संध्याकाळी तिला घराबाहेर पाठवतो. विषयही नुसते आरोग्याचे नव्हते. आहार आणि बालसंगोपन होतेच, शिवाय गावातल्या संस्था, सामाजिक प्रश्न आणि आपले म्हणणे नीट मांडणे हेही होते.

इथवर करणारे पुष्कळ असतात. पाचोडकरांनी पुढचे काम केले. ज्या गावांत वर्ग चालले त्यांच्याबरोबर, वर्ग नसलेली तशीच काही गावे निवडून तिथल्या लग्नांचीही नोंद ठेवली. कशासाठी? समजा, एखाद्या गावात पाच वर्षांत लग्नाचे वय वाढले. ते वर्गामुळे वाढले, की सडक झाली, टीव्ही आला, शाळा जवळ आली म्हणून वाढले? शेजारच्या गावाकडे पाहिल्याशिवाय हे कळत नाही. ताप आपोआप उतरणारा असला तरी श्रेय डॉक्टरच्या इंजेक्शनला मिळते, तशातली ही गत. (आमच्या धंद्याचे बरेचसे नाव त्यावरच टिकून आहे, हे खाजगीत कबूल करतो!)

वॉशिंग्टनच्या ‘इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन’ या संस्थेच्या साथीने केलेल्या या अभ्यासाचा अहवाल २००६ मध्ये निघाला. १९९७ साली वर्गांच्या गावांत होणाऱ्या लग्नांपैकी शंभरात ८१ च्या आसपास नवऱ्या अठराच्या आतल्या होत्या. चारेक वर्षांत हे प्रमाण ६२ च्या आसपास आले. तिथले लग्नाचे मध्यम वय १६ वरून १७ झाले. तुलनेच्या गावांत असा फरक पडला नाही.

एकच वर्ष वाढले, त्यात एवढे काय, असे कुणी म्हणेल. प्रसूतीच्या खाटेपाशी उभे राहणाऱ्याला विचारा. सोळाव्या वर्षी मुलीचे स्वतःचे हाड अजून भरत असते. त्यात गर्भ राहिला की अंगावरचे थोडेथोडके रक्त दोघांत वाटले जाते. गरोदरपणातले झटके, अडलेले बाळंतपण आणि कमी वजनाचे मूल यांचा धोका या वयात अधिक असतो. ते एक वर्ष अनेक मुलींच्या जिवाचे असते.

अहवालात आणखी एक आकडा आहे. वर्ग पूर्ण केलेल्या मुलींच्या मानाने तुलनेच्या गावांतल्या मुलींचे अठराच्या आत लग्न होण्याची शक्यता चौपट होती. हा आकडा मी थोडा जपून वापरतो. वर्षभर मुलीला वर्गाला पाठवणारे आईबाप मुळातच थोडे निराळे असू शकतात. म्हणून गावाला गाव लावून केलेली तुलना मला अधिक भरवशाची वाटते.

आता मोजले नाही तर बिघडते काय, नुकसान तर होत नाही ना, असा प्रश्न येतो. नुकसानही होऊ शकते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली ५०६ मुलांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला काही वर्षे मार्गदर्शक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे असे सर्व पुरवले. मुले वाईट मार्गाला लागू नयेत हा हेतू. तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड या विदुषीने त्या मुलांचा माग काढून १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेली मुले मोठेपणी, न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट स्थितीत होती! गंमत म्हणजे त्यांतल्या कित्येकांनी कार्यक्रमाने आपले भले झाले असेच सांगितले. नुसते ‘कसे वाटले?’ विचारून भागत नाही ते यासाठी.

आपल्याकडची आजची स्थिती पाहा. शाळा-अंगणवाड्यांतून आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम २०१३ पासून आहे. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमधले ॲनिमियाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शंभरात ५० च्या घरात होते, ते २०१९-२१ मध्ये ५७ झाले. बोटाच्या थेंबावरून केलेली मोजणी शिरेतल्या रक्तापेक्षा ॲनिमिया अधिक दाखवते, हा तज्ज्ञांतला वाद खरा. पण गोळी पोटात जाते का, हा प्रश्न त्याने मिटत नाही. बालविवाहाचेही तसेच. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, परभणीत मात्र ४८ जणींचे आणि बीडमध्ये सुमारे ४४. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीने कोयता धरला जातो, आणि वयात आलेली पोर गावी एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, ही आईबापांची धास्ती. कायद्याचे कलम वाचून दाखवल्याने ती जात नाही.

तरुण मंडळांना आणि महिला मंडळांना माझे सांगणे आहे. शिबिराआधी दहा घरी जा, मुलींशी आणि त्यांच्या आयांशी वेगवेगळे बोला. दोनशे पानी वही घ्या. त्यात मुलीचे नाव, जन्मतारीख, हिमोग्लोबिन, शाळा चालू की सुटली, हे लिहा. वय तोंडी विचारू नका, दाखला पाहा, कारण लग्नाच्या मोसमात मुलींची वये फार झपाट्याने वाढतात. ही वही गावभर दाखवायची नसते, कुलपात ठेवायची असते. शेजारच्या गावातही अशीच वही ठेवता आली तर उत्तम. तिथे ज्या मुलीचे रक्त कमी भरेल तिला उपचार मात्र द्यायचाच. सहा महिन्यांनी दोन्हीकडे पुन्हा जा. शिबिराच्या हारतुऱ्यांचा खर्च वाचवला तर त्यात ही दुसरी फेरी सहज बसते.

फडताळात पट्टी ठेवणाऱ्या त्या मुलीला मी जेवणानंतर गोळी घ्यायला सांगितली, जंताचे औषध दिले आणि तिच्या आईला दर पंधरा दिवसांनी रिकामी पट्टी घेऊन यायला लावले. माउली न चुकता आली. चौथ्या खेपेला येताना तिने त्या शेजारणीला आणि तिच्या मुलीलाही सोबत आणले.