पक्षाघातानंतर मेंदूची दुरुस्ती

पक्षाघात, म्हणजेच लकवा, झाल्यावर मेंदूच्या जखमेकडे रोगप्रतिकारक पेशी धाव घेतात. त्यांनी निर्माण केलेला दाह वाढला, तर शेजारच्या निरोगी भागासही हानी पोहोचते. हा दाह आवरणाऱ्या नियामक टी-पेशी जपानचे शिमॉन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या; २०२५ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. जपानमधील संशोधकांना २०१९ मध्ये उंदरांत आढळले की, या पेशी पक्षाघातानंतर दोन आठवड्यांनी मेंदूत जमतात व सुधारणेस साहाय्य करतात. माणसांसाठी हा उपचार अद्याप रूढ नाही. मात्र नाकाडोंगरीसारख्या गावीही दोन गोष्टी ध्यानी असाव्यात. तोंड वाकडे होताच रुग्णास तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि दुरुस्ती आठवडेच्या आठवडे चालत असल्याने व्यायाम सोडू नये.