पंच कुणाचा?

भोसरीच्या फाउंड्रीतून चाकणला जाणाऱ्या कास्टिंगवर हीट नंबर, म्हणजे धातूच्या कुठल्या वितळणीतून ते ओतलं त्याचा आकडा, उठलेला असतो. शेजारी तपासनिसाचा पंच. पुढे तो पार्ट तडकला, तर माल कुठल्या हीटचा आणि पास कुणी केला, हे या दोन खुणांवरून शोधता येतं.

असाच पंच सिसिलीच्या पश्चिमेला, समुद्रात सुमारे 80 मीटर खोलवर सापडला आहे. इ.स.पू. 241मध्ये, 10 मार्चला, एगादी बेटांपाशी रोमनांनी कार्थेजच्या आरमाराचा पराभव केला. शत्रूचं जहाज फोडण्यासाठी नाळेवर बसवलेल्या काशाच्या चोची तिथल्या तळातून आता वर येत आहेत. त्या मेणाचा नमुना करून ओतलेल्या आहेत. कार्थेजच्या एका चोचीवर बाअल देवाला साकडं आहे: ही शत्रूच्या जहाजात घुसू दे. रोमन चोचींवरच्या लेखात देव नाही, अधिकारी आहे. ‘गायसचा मुलगा ल्युसियस क्विंक्टियस, क्वेस्टर, याने पास केली.’ बावीस शतकांपूर्वीचा क्यूसीचा शिक्का!

या चोचींनी इतिहासकारांनाही कामाला लावलं. प्राचीन ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने या युद्धातली मुख्य जहाजं ‘क्विंक्विरीम’, म्हणजे मोठ्या जातीची, असं लिहून ठेवलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वानांनी ते मान्य केलं. मोजमाप घेतल्यावर बहुतेक चोची लहान निघाल्या, ‘ट्रायरीम’ या लहान जातीच्या जहाजाला शोभतील अशा. त्यामुळे पॉलिबियस पुन्हा बारकाईने वाचला जातो आहे.

आपल्याकडे मात्र पंचच नाही. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर आरमारी लढाई कोरली आहे: डोलकाठ्या, वल्ह्यांच्या रांगा, जहाजांवर लढणारे सैनिक, आणि वरच्या पट्टीत शिवलोकी गेलेला वीर. पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन युद्धनौका इतक्या जवळून दाखवणारा पुरावा फार दुर्मीळ. 1882च्या ठाणे गॅझेटिअरने त्यांचं वर्णन केलं. कुणी ही लढाई धारच्या भोजाच्या कोकण स्वारीची मानली. पुढे ती शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची, सुमारे 1265ची, असं मत रुजलं. आधार हेमाद्रीच्या प्रशस्तीचा: सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं ती सांगते. पण हेमाद्री महादेवाचाच मंत्री, आणि वीरगळांवर राजाचं नाव वाचता येत नाही. ‘ही सोमेश्वराचीच लढाई’ असं ठासून सांगणं म्हणजे बिनपंचाच्या मालाला कंपनीचं नाव चिकटवणं. त्यापेक्षा आधी त्या जहाजांची वल्ही मोजावीत, नाळेचा बाक मापून घ्यावा. दगड उघड्यावर झिजतो आहे आणि ते काम आजच करता येण्यासारखं आहे.