मोठ्या वाद्यवृंदातील लहान बैठका

जॅझ संगीत म्हटले की आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षित मंडळींस पितळी वाद्यांचा गलबला आणि नाचाचा धांगडधिंगा एवढेच आठवते. गलबला त्यात असतो, नाही असे नाही. परंतु त्या गलबल्याच्या घरात एक शांत माजघरही होते, आणि आज त्या माजघराविषयीच बोलावयाचे आहे. 1936 ते 1941 या काळात ड्यूक एलिंग्टन यांच्या सुप्रसिद्ध अमेरिकन वाद्यवृंदातील काही वादकांनी सात-आठ जणांच्या लहान तुकड्या करून स्वतःच्या नावाने ग्रामोफोनच्या तबकड्या भरल्या. तबकडीवर नाव एकाचे, पियानोवर मालक दुसरा आणि धून कोणाची याचा निवाडा शेवटपर्यंत नीट झाला नाही, असा हा मामला होता.

एलिंग्टन यांचा जन्म 1899 साली वॉशिंग्टन येथे झाला. 1927 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीतल्या कॉटन क्लब या नाचघरात त्यांचा वाद्यवृंद रुजू झाला. तेथे वाजविणारे कृष्णवर्णीय आणि पैसे देऊन ऐकणारे गोरे, असा प्रकार होता. रेडिओवरून तेथले कार्यक्रम दूरवर जाऊ लागले आणि एलिंग्टन यांचे नाव देशभर झाले. पुढे 1936 च्या सुमारास त्यांच्या हाताखाली चौदा-पंधरा वादक होते. आपल्याकडील संगीत नाटक मंडळीची आठवण यावी असाच हा संसार. मंडळी मालकाच्या नावाने ओळखली जाते. पण प्रेक्षक घरी जाताना गुणगुणतो ते एखाद्या नटाने घेतलेल्या जागेचे स्मरण असते.

आता पंधरा जणांनी एकत्र वाजवावयाचे म्हणजे पुष्कळसे आधी लिहून ठेवावे लागते. तीन ट्रंपेट, तीन ट्राँबोन, चार सॅक्सोफोन व क्लॅरिनेट असे जथे पडतात, आणि एखाद्यास मोकळेपणाने बोलावयास मिळते ते काही क्षणच. सात जण असले म्हणजे प्रत्येक वाद्य बहुधा एकेकटे. त्यामुळे जो स्वरसंवाद उत्पन्न होतो तो भिन्न कंठांचा असतो, आणि प्रत्येकाचा कंठ वेगळा ओळखू येतो. मागे साथीला एखादा लहानसा तुकडा पुनःपुन्हा वाजविला तरी काम भागते. माझ्या मते या तबकड्यांची खरी गोडी येथेच आहे.

ही कल्पना सुचली ती मात्र एलिंग्टन यांच्या घरात नव्हे. बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाने 1935 च्या जुलैत टेडी विल्सन व जीन क्रूपा यांस घेऊन तिघांच्या तबकड्या काढल्या. विल्सन कृष्णवर्णीय होते. गोऱ्यांच्या मोठ्या वाद्यवृंदात त्यांस बसविणे त्या काळच्या रिवाजास मानवणारे नव्हते, म्हणून हे त्रिकूट निराळेच ठेवलेले. 1936 च्या ईस्टरच्या रविवारी शिकागोच्या काँग्रेस हॉटेलात त्या त्रिकुटास श्रोत्यांपुढे आणण्याचा आग्रह हेलन ओकली नावाच्या तरुण बाईंनी धरला. याच ओकलीबाई पुढे एलिंग्टन यांचे व्यवस्थापक अर्व्हिंग मिल्स यांच्याकडे कामास लागल्या आणि एलिंग्टनच्या मंडळींच्या लहान तुकड्यांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या देखरेखीखाली होऊ लागले. गुडमन यांस बाहेरचा माणूस आणावा लागला. येथे मूळचीच पंगत लहान करून वाढावयाची होती.

मिल्स हे धूर्त व्यापारी होते. 1937 साली त्यांनी दोन प्रकारच्या तबकड्या बाजारात आणल्या : मोठ्या वाद्यवृंदाची ‘मास्टर’ 75 सेंटांस आणि लहान तुकड्यांची ‘व्हरायटी’ 35 सेंटांस. खाणावळींतून व मद्यगृहांतून नाणे टाकताच वाजणाऱ्या पेट्या तेव्हा बोकाळल्या होत्या, त्यांस स्वस्त माल हवाच होता. ‘व्हरायटी’ त्याच वर्षी बंद पडली, पण तुकड्यांचे काम दुसऱ्या छापांखाली चालू राहिले.

1936 च्या डिसेंबरात हॉलिवूडमध्ये पहिल्या दोन बैठका झाल्या. पहिली कॉर्नेटवादक रेक्स स्ट्युअर्ट यांच्या नावाने. दुसरी, तारीख 19 ची, न्यू ऑर्लिन्सचे क्लॅरिनेटवादक बार्नी बिगार्ड यांच्या नावाने. आणि या दुसऱ्या बैठकीत ‘कॅरव्हान’ ही धून प्रथम मुद्रित झाली. ही जगभर गाजलेली धून सुचली होती हुआन टिझोल या पोर्तो रिकोच्या ट्राँबोनवादकास. टिझोल यांनी आपला हक्क मिल्स यांस अवघ्या 25 डॉलरांस विकला. धून गाजल्यावर त्यांनी मागणी केली आणि मिल्स यांनी त्यांस उत्पन्नाचा वाटा पुन्हा दिला, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत प्रत्येक पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ चिजेचा उल्लेख छापीत. त्या साध्या चालीत केवढा प्रामाणिकपणा होता, हे असले व्यवहार पाहिले म्हणजे कळते.

1937 च्या मार्चमध्ये कूटी विल्यम्स आणि मेमध्ये जॉनी हॉजेस यांच्या नावाच्या तबकड्या सुरू झाल्या. या मंडळींच्या वादनाचा थोडा परिचय करून देतो. विल्यम्स हे ट्रंपेटच्या तोंडावर, तुंबलेली मोरी मोकळी करण्याची रबरी वाटी धरून ती उघडझाप करीत. त्यामुळे वाद्य कधी गुरगुरे, कधी माणसासारखे रडे. स्ट्युअर्ट कॉर्नेटच्या कळा अर्ध्याच दाबीत. त्यातून घुसमटलेला, दोन स्वरांच्या मधला आवाज निघे. आणि हॉजेस! त्यांच्या आल्टो सॅक्सोफोनवर एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जे घसरत जाणे आहे, ते ऐकून आपल्या कानास मींडेचीच आठवण होते. आमच्यापैकी ज्यांस पाश्चात्य संगीत म्हणजे सुट्या स्वरांच्या पायऱ्या असे वाटते, त्यांनी हॉजेस अवश्य ऐकावे.

हॉजेस यांची 1938 ची ‘जीप्स ब्लूज’ ही तबकडी पेट्यांवर फार चालली. यातील जीप म्हणजे लष्करी मोटार नव्हे, ती मोटार नंतरची. पॉपायच्या चित्रमालिकेतील एका विचित्र प्राण्याचे ते नाव, आणि तेच सोबत्यांनी हॉजेस यांस ठेवलेले. ‘ब्लूज’ हा रचनाप्रकार आपणांस समजावयास कठीण नाही. चार चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन, आणि ते फिरून फिरून येते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. तेवढ्यात मध्य लयीची अशी सहाएक आवर्तने बसतात. ख्यालास सरावलेल्या श्रोत्यास हे फार तोकडे वाटेल. परंतु दोनच आवर्तनांत आपले म्हणणे मांडून बाजूस व्हावयाचे, ही शिस्तही कठीणच आहे.

या बहुतेक बैठकींत पियानोवर स्वतः एलिंग्टन असत. नाव शिष्याचे, पण मैफल गुरूच्या नजरेखाली. 1939 साली बिली स्ट्रेहॉर्न हा तरुण रचनाकार त्यांच्याकडे आला, तेव्हा लहान तुकड्यांचे बरेचसे लेखन त्याच्यावर सोपविण्यात आले. त्याच वर्षी जिमी ब्लँटन आला. तोपर्यंत बास हे भले थोरले तंतुवाद्य नुसती लय राखीत असे. ब्लँटनने त्याला बोलते केले. पंधरा जणांत बुडून जाईल असे त्याचे काम सात जणांत स्वच्छ ऐकू येते. 1942 साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला.

1941 साली एक चमत्कारिक अडचण आली. रचनाकारांची जुनी संस्था आणि रेडिओ कंपन्या यांच्यातील पैशाच्या भांडणामुळे एलिंग्टन यांच्या स्वतःच्या रचना कित्येक महिने रेडिओवर वाजविता येईनात. मग स्ट्रेहॉर्न आणि चिरंजीव मर्सर एलिंग्टन हे लिहावयास बसले. त्या वर्षी 3 जुलैस हॉजेस यांच्या नावाने झालेल्या बैठकीत स्ट्रेहॉर्नचे ‘पॅशन फ्लॉवर’ व मर्सरच्या नावावरचे ‘थिंग्ज एन्ट व्हॉट दे यूज्ड टु बी’ मुद्रित झाले. संकटाने दोन तरुणांस दार उघडले, असेच म्हणावयाचे. पुढे 1 ऑगस्ट 1942 पासून वादकांच्या संघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि हा क्रम खुंटला.

तबकडीवर नाव आले म्हणून मंडळी तृप्त झाली, असे मात्र नाही. विल्यम्स 1940 च्या नोव्हेंबरात गुडमन यांच्याकडे गेले, बिगार्ड 1942 साली सुटले. आपल्या सहज सुचलेल्या तुकड्यांतून मालकांची गाणी होतात, ही खंत हॉजेस यांच्या मनात होती. तसली धून वाजवीत असता ते एलिंग्टन यांच्याकडे पाहून बोटांनी नोटा मोजल्याची खूण करीत, असे सांगतात. 1951 साली त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद काढला, 1955 साली ते परत आले आणि 1970 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. 1963 च्या दौऱ्यात हा वाद्यवृंद आपल्या मुंबईस आला, त्यातही ते होते. विल्यम्स तर बावीस वर्षांनी, 1962 साली, परतले. एलिंग्टन यांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी : सुटा तुकडा कोणासही सुचेल, त्याची पुरी रचना करून पंधरा जणांस वर्षानुवर्षे पगार देत राहणे हे त्यांचे काम होते. तथापि पगार दिला म्हणजे सुचलेला स्वरही विकत मिळाला, हे मला पटत नाही.

या जुन्या तबकड्यांची संकलने आज सहज मिळतात. ज्यांस उत्सुकता वाटेल त्यांनी प्रथम बिगार्ड यांची 1936 ची ‘कॅरव्हान’ लावावी आणि लगेच मोठ्या वाद्यवृंदाची 14 मे 1937 ची ‘कॅरव्हान’ लावावी. धून एकच आहे. पहिलीत सात माणसे आहेत. टिझोलचा ट्राँबोन प्रथम कोठे बोलतो तेवढ्याकडे लक्ष ठेवावे.