माझ्यासारखे अजून कितीजण?

तुम्हाला भावंडं किती, असं कुणी विचारलं तर आपण आधी उलटा प्रश्न टाकतो, 'सख्खी की सगळी धरून?' मग चुलत, आते, मामे, मावस अशी गाडी सुरू होते. इंग्रजीत एका 'कझिन'मध्ये सगळ्यांचा निकाल लागतो. आपल्याकडे मात्र नुसत्या शब्दावरून कळतं की नातं आईकडून आलंय की बाबांकडून. लग्नाच्या हॉलमध्ये 'हा तुझा नक्की कोण?' असं विचारणाऱ्या काकूंना दोन शब्दांत गप्प करता येतं ते यामुळेच.

पण एक नातं असं आहे, ज्यासाठी आपल्याकडे शब्द नाही. एकाच स्पर्म डोनरपासून वेगवेगळ्या घरांत जन्मलेली मुलं. आई वेगळी, घर वेगळं, आडनाव वेगळं, कधी कधी शहरही वेगळं, पण जैविक वडील एकच. यांना 'सावत्र' म्हणावं, तर डोळ्यासमोर गोष्टीतली दुष्ट आई येते. सख्खी तर ती नाहीतच. इंग्रजीत अशा भावंडांसाठी 'डिबलिंग' हा शब्द रुळलाय, 'डोनर' आणि 'सिबलिंग' जोडून केलेला. ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यांना निदान हाक मारायला काहीतरी आहे!

या भावंडांना शोधण्याची गोष्ट सुरू होते ती अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात. रायन क्रेमर नावाचा मुलगा आणि त्याची आई वेंडी. रायन डोनरच्या मदतीने जन्मलाय हे वेंडीने त्याच्यापासून कधीच लपवलं नाही. त्यामुळे त्याचे प्रश्नही लहानपणीच सुरू झाले. २००० साली तो दहा वर्षांचा होता. आपल्याला कुठेतरी अर्धी भावंडं असतील आणि ती आपल्याला भेटावीत, असं त्याच्या डोक्यात होतं. विचारायचं कुणाला? स्पर्म बँक काही सांगणार नव्हती. मग मायलेकांनी याहूवर एक छोटा ग्रुप सुरू केला. त्यातूनच पुढे 'डोनर सिबलिंग रजिस्ट्री' उभी राहिली.

तिची पद्धत अगदी साधी आहे. स्पर्म बँक डोनरचं नाव सांगत नाही, पण प्रत्येक डोनरला एक नंबर देते आणि तो आईवडिलांना माहीत असतो. तुम्ही बँकेचं नाव आणि तो नंबर नोंदवायचा. दुसऱ्या कुणी तीच बँक आणि तोच नंबर टाकला, की झालं, तुम्ही भावंडं! बोर्डाच्या परीक्षेत सीट नंबर टाकून निकालाची वाट बघावी तसंच काहीसं. फरक इतकाच, की हा निकाल पाच मिनिटांत लागू शकतो, नाहीतर दहा वर्षांत, किंवा कधीच नाही.

रायन थांबला नाही. पंधराव्या वर्षी त्याने गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि ती वंशावळ शोधून देणाऱ्या एका डीएनए कंपनीकडे पाठवली. खर्च २८९ डॉलर. इथे थोडं विज्ञान लागेल, पण घाबरू नका. वाय क्रोमोसोम फक्त वडिलांकडून मुलाला मिळतो, जवळजवळ जसाच्या तसा. आडनावही बहुतेक ठिकाणी तसंच जातं, बापाकडून लेकाकडे. म्हणजे हे दोघं एकाच वाटेने चालतात. रायनला नऊ महिन्यांनी दोन पुरुषांचा संपर्क आला. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांचा वाय क्रोमोसोम रायनशी खूप जुळत होता आणि आडनाव सारखं होतं, फक्त स्पेलिंगमध्ये फरक. वेंडीला डोनरची जन्मतारीख, जन्मगाव आणि शिक्षण एवढं ठाऊक होतं. त्या दिवशी त्या गावात जन्मलेल्या सगळ्यांची यादी रायनने एका कंपनीकडून विकत घेतली. त्यात ते आडनाव असलेला माणूस एकच होता. दहा दिवसांत रायनने त्याच्याशी संपर्क साधला.

गंमत म्हणजे, त्या माणसाने स्वतःचा डीएनए कधीच कुणाला दिला नव्हता. त्याचं नाव गुप्त राहील असा शब्द त्याला देण्यात आला होता. 'न्यू सायंटिस्ट'मध्ये २००५ साली ही बातमी आली, तेव्हा जगभरातल्या स्पर्म बँकांना कळून चुकलं असणार की यापुढे असा शब्द कुणालाच देता येणार नाही. पुढे रायनला अर्ध्या बहिणीही सापडल्या.

आता तुम्ही म्हणाल, ज्याला वडील हवेत तो वडील शोधणारच. मीही सुरुवातीला असंच धरून चालले होते. पण केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी वेंडी क्रेमर यांच्यासोबत या रजिस्ट्रीतल्या १६५ जणांना प्रश्न विचारले होते. २०१० मध्ये आलेल्या त्या अभ्यासाचे आकडे बघा. फक्त डोनरला शोधणारे होते १३ टक्के. फक्त भावंडांना शोधणारे १५ टक्के, आणि दोन्ही शोधणारे ६४ टक्के. म्हणजे भावंडं शोधणारे किंचित का होईना, जास्तच निघाले. मला ते पटलं. डोनर सापडला तरी तो वीस-तीस वर्षांनी मोठा, स्वतःचं घर-संसार असलेला परका माणूस. त्याच्याशी काय बोलणार? भावंड मात्र आपल्याच वयाचं असतं, त्याच रिकाम्या जागेकडे बघत मोठं झालेलं. 'हे नाक कुणाचं?' हा प्रश्न त्यालाही आरशासमोर पडलेला असतो.

२०१३ मध्ये एमटीव्हीवर 'जनरेशन क्रायो' नावाची डॉक्युमेंटरी मालिका आली होती. त्यातली ब्री ही नेवाडातल्या रीनो शहरातली मुलगी, दोन आयांनी वाढवलेली, शाळा संपवून जेमतेम बाहेर पडणारी. रजिस्ट्रीतून तिला किमान १५ अर्धी भावंडं असल्याचं कळतं आणि ती एकेकाला भेटायला निघते. डोनरपर्यंत पोचायचं तर वाय क्रोमोसोम हवा. पण मुलींकडे तो नसतोच! म्हणजे एखाद्या अर्ध्या भावाला विनवणी करावी लागणार, बाबा रे, तुझं सॅम्पल दे.

आणि इथे गोष्ट अवघड होते. भाऊ द्यायला कचरतो, कारण त्याच्या घरी बाबा आहेत. त्याला लहानाचं मोठं करणारे बाबा. आपल्याला मूल होऊ शकत नाही हे दुखणं वर्षानुवर्षं आत ठेवून जगलेले. मुलगा 'त्या' माणसाला शोधायला मदत करतोय हे त्यांना सोसवत नाही, आणि त्यांची बाजूही खरीच आहे. मालिकेत बाकी थोडा टीव्हीचा मसाला आहे, भेटी, मिठ्या, रडारड, ते सोडून देऊ. पण या बापलेकाचा अवघडलेपणा बघताना मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले होते.

केंब्रिजच्या त्याच अभ्यासात हेही दिसलं होतं की आई-बाबांच्या घरात वाढलेल्या मुलांपैकी बाबांना आपल्या शोधाबद्दल सांगणारी मुलं तुलनेने कमी होती. दोन आया असलेल्या घरांत हे जास्त मोकळेपणाने सांगितलं गेलं होतं. साहजिक आहे. दोन आया असल्यावर डोनर होता हे लपणार कसं? आई-बाबांच्या घरात मात्र लपू शकतं, आणि म्हणून लपवलं जातं. मुलाला सत्य कळतं ते मग कुणाच्या तरी भांडणात, दवाखान्यात रक्तगट जुळत नाही तेव्हा, किंवा हल्ली गंमत म्हणून केलेल्या डीएनए टेस्टमध्ये. अर्ध्या भावंडांचा डीएनए सरासरी २५ टक्के जुळतो. एका सकाळी मोबाइलवर अनोळखी नाव येतं, 'जवळचे नातेवाईक' म्हणून, आणि घरातली वीस वर्षांची शांतता संपते.

सुसान गोलोंबोक या केंब्रिजच्याच प्राध्यापिका. डोनर किंवा सरोगसीतून झालेल्या मुलांच्या कुटुंबांचा माग त्यांच्या टीमने मुलं वीस वर्षांची होईपर्यंत ठेवला. ज्या घरांत मुलांना सात वर्षांची होण्याआधी सांगितलं गेलं, तिथली नाती जास्त चांगली आढळली. लहान मुलाला ही एक गोष्ट वाटते, पंधराव्या वर्षी तोच धक्का होतो. आपल्याकडच्या 'मोठं झाल्यावर सांगू' या लाडक्या वाक्यावर माझा म्हणूनच अजिबात विश्वास नाही.

शोधामागे फक्त भावना नसतात, हेही सांगायला हवं. २००९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एका डोनरची केस छापून आली. त्याला हृदयाचा आनुवंशिक आजार होता आणि त्याला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. त्याच्या २४ मुलांपैकी नऊ जणांमध्ये तो जनुकीय दोष सापडला. त्यातलं एक बाळ दोन वर्षांचं असताना गेलं. अशा वेळी एका घरात आजार कळला, तर बाकीच्या घरांना सांगायचं कसं? भावंडं एकमेकांना ओळखत असतील, तर एक मेसेज पुरतो.

आणि भावंडं किती असू शकतात, याला काही सुमार नाही. २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एकाच डोनरच्या १५० मुलांची बातमी दिली होती. नेदरलँड्समध्ये २०२३ साली कोर्टाने एका माणसाला यापुढे स्पर्म दान करायला मनाई केली, तेव्हा त्याच्या मुलांचा आकडा साडेपाचशेच्या वर गेला होता. नेटफ्लिक्सवर त्याच्यावर सिरीज आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. विचार करा, डेटिंग ॲपवर समोरचा प्रोफाइल डावी-उजवीकडे सरकवताना डोक्यात ही शंका असणं म्हणजे काय! ब्रिटनमध्ये सोळा वर्षांनंतर दोघांच्या संमतीने 'आम्ही एकाच डोनरची मुलं तर नाही ना' हे सरकारी नोंदीतून तपासून घेता येतं. आपल्याला अर्धी भावंडं किती, मुलगे किती, मुली किती, कुठल्या सालचे, हेही तिथे सोळाव्या वर्षी विचारता येतं. १ एप्रिल २००५ नंतर नोंद झालेल्या डोनरची ओळख अठराव्या वर्षी मिळते. स्वीडनने तर हा हक्क १९८५ मध्येच दिला. आणि रायनच्या कोलोराडोत १ जानेवारी २०२५ पासून निनावी दान बंद झालं. अमेरिकेतलं असं ते पहिलं राज्य.

आता आपल्याकडे वळू. स्पर्म डोनर म्हटलं की आपल्याला २०१२ चा 'विकी डोनर' आठवतो. शेवटाकडे डॉ. चढ्ढा सगळ्या कुटुंबांना एका पार्टीत एकत्र आणतात, मुलं बागडतात, विकीच्या बायकोचं मन वितळतं. छान सीन आहे. पण नीट बघा, बागडणारी ती सगळी पोरं एकमेकांची भावंडं आहेत आणि ते त्यांना कुणीच सांगत नाही. त्या वयाची मुलं आज कॉलेजात असतील.

भारतात यासाठी कायदा लागू झाला तो जानेवारी २०२२ मध्ये. त्यानुसार एका डोनरचं स्पर्म एकाहून जास्त जोडप्यांना देता येत नाही. शेकडो भावंडांचा प्रश्न आपण असा एका फटक्यात मिटवला, किमान कागदावर. पण मग या मुलांना भावंडं असलीच, तर ती बहुधा डोनरची स्वतःची मुलं असतील. म्हणजे रायन किंवा ब्रीला भेटले तसे, त्याच परिस्थितीतून आलेले सोबती त्यांना बहुतेक मिळणारच नाहीत. आणि कायद्याआधी जन्मलेल्यांचं काय? त्यांच्या डोनरकडून किती घरांत मुलं झाली, हे मोजायला राष्ट्रीय रजिस्ट्री तेव्हा नव्हतीच.

नव्या कायद्यात बँकेने डोनरचं नाव, पत्ता आणि आधार नंबर घ्यायचा असतो. हे सगळं गोपनीय. क्लिनिक आणि बँकेने कागदपत्रं किमान दहा वर्षं जपायची, मग ती राष्ट्रीय रजिस्ट्रीकडे जातात. मूल कायद्याने पूर्णपणे त्याच्या आईवडिलांचं, डोनरचा त्याच्यावर काही हक्क नाही, आणि ते योग्यच आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाने डोनरची ओळख मागितली, तर त्याला ती मिळण्याची तरतूद या कायद्यात नाही.

२०२२ च्या अखेरीस जन्मलेली मुलं २०४० मध्ये अठरा वर्षांची होतील. तोवर त्यांचे कागद रजिस्ट्रीकडे जाऊन पडलेले असतील, आधार नंबरासकट. त्यातलं कुणी एखादं डीएनए किट मागवेल, गालाच्या आतून काडी फिरवेल आणि पाकीट बंद करून कुरियरवाल्याच्या हातात देईल.