लांबची सायकलफेरी आणि तिची शिदोरी

पौषांतील पुत्रदा एकादशी होती. पहाटे परभणीहून निघून जिंतूरला जावयाचें व दुपारपर्यंत परतावयाचें, असा बेत आमच्या पुतण्यानें आठ दिवस आधींच ठरविला होता. जाऊन येऊन ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर. त्याच्या वयाला हें अंतर फार नव्हे, आणि आम्ही तर केवळ सोबतीला. उपासामुळें चिरंजीव निव्वळ चहावर निघाले. साबुदाण्याची खिचडी परत आल्यावर खाईन, असें त्यांनीं मातोश्रींस सांगितलें. आम्हीं त्याच वेळीं हटकावयास हवें होतें. हटकलें नाहीं, ही चूक आमची.

जातांना सर्व ठीक होतें. झरी गेली, बोरी गेली; दोन्ही अंगांस ज्वारीचीं कणसें भरलेलीं आणि थंडीनें बोटें बधिर झालेलीं. (परभणीचा उन्हाळा सर्वांस ठाऊक असतो, पौषांत येथें पारा कधीं कधीं पांच अंशांच्याही खालीं उतरतो, हें बाहेरच्यांस खरें वाटत नाहीं.) परततांना जिंतूर सोडून पंधराएक किलोमीटर आलों असूं, तोंच पुतण्या मागें पडूं लागला. वळून पाहतों तों त्याची सायकल रस्त्याच्या मधोमध नागमोडी चाललेली, आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येत असलेला! हांक मारली तर उत्तर धड येईना. ओढून कडेला बसविलें तेव्हां अंगास घाम, हातांस कंप, आणि आपण कोठें आहोंत याचाही नीट उमज नाहीं. "काका, पायांत जीवच नाहीं," एवढेंच तो बोलला. शेजारच्या शेतांत हुरडा भाजण्याची तयारी चालली होती. तेथील एका वृद्ध शेतकऱ्यानें कांहीं न विचारतां गुळाचा खडा व तांब्याभर पाणी आणून दिलें. हुरड्याची मूठही पुढें केली. पण तशाही स्थितींत चिरंजीवांनीं एकादशी म्हणून मान हलविली. गूळ मात्र खाल्ला, आणि वीस मिनिटांत तो माणसांत आला.

झालें होतें तें असें. पिष्टमय व गोड अन्नापासून मिळणारी शर्करा ग्लायकोजेनच्या रूपानें शरीरांत सांठते. तिचा मोठा भाग स्नायूंत आणि सुमारें १०० ग्रॅम यकृतांत असतो. सर्व मिळून हा सांठा ४००-५०० ग्रॅमांचा. रक्तांतील साखर राखून मेंदूस पोसण्याचें काम यकृताकडे आहे, आणि आपण रात्रभर निजलेले असतां नेमका यकृतांतलाच सांठा खर्चीं पडतो. जोराच्या स्वारीस सगळी पुंजी दोन-तीन तास पुरते. चरबी प्रत्येकाजवळ मुबलक असते, परंतु ती सावकाश जळते. एकट्या तिच्यावर वेग राहत नाहीं. म्हणजे आमचा पुतण्या घरून निघाला तोच अर्ध्या रिकाम्या कोठारानें.

दोष उपासाचा नव्हता, रिकाम्या पोटाचा होता. केळीं, खजूर, रताळें, राजगिऱ्याचा लाडू हे उपासाचेच पदार्थ स्वारीसही उत्तम. दर तासास ३० ते ६० ग्रॅम शर्करा पोटांत जावी असें आहारशास्त्रज्ञ सांगतात. फार लांबच्या मजलेंत, संवय असल्यास, ९० पर्यंत. मध्यम केळ्यांत वीस-पंचवीस ग्रॅम मिळतात. गुळाच्या २५ ग्रॅमांच्या खड्यांत साधारण तितकेच. गुळपोळी, दशमी, शिऱ्याच्या वड्या हीं आपल्या घरचीं पक्वान्नें बाजारी पुड्यांहून कमी नाहींत. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट खरी, पण तींत स्नेह फार, म्हणून ती सावकाश पचते. अडचणीच्या वेळीं नुसता गूळच बरा. ज्वारीची भाकरी आम्ही संध्याकाळसाठीं राखतों. 'परभणी मोती' ज्या गांवच्या कृषि विद्यापीठांत निपजली, तेथल्या वाचकांस हें रुचणार नाहीं; परंतु भाकरींतला कोंडा धांवत्या पोटास जड जातो. मुख्य गोष्ट ही कीं भूक लागण्याची वाट पाहूं नये. पहिल्या अर्ध्या तासापासूनच थोडथोडें खात जावें. मधुमेहाचीं औषधें घेणाऱ्यांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून यांतलें कांहीं करूं नये.

पाणी तहानेप्रमाणें प्यावें. घामावाटे मीठही जातें. नुसतें पाणी बेसुमार प्याल्यानें रक्तांतील सोडियम पातळ होऊन प्रसंगीं प्राणावर बेततें. लिटरभर पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, वर लिंबू, एवढें पुरे.

सामानाविषयीं तरुणांस बोलावयास फार आवडतें, म्हणून आम्ही थोडक्यांत आटोपतों. आमच्या भागांत बाभळीचा काटा हा पहिला शत्रु. दोन जादा ट्यूबा, पंप व टायर उतरविण्याच्या पट्ट्या यांवांचून गांवाबाहेर पडूं नये. टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे असावेत. बारीक टायर खड्ड्यांत दगा देतात. पावसाळ्यांत काळी माती मडगार्डांत अशी गच्च बसते कीं चाक फिरेनासें होतें, तेव्हां मधलें अंतर भरपूर ठेवावें. हेल्मेट व मागचा तांबडा दिवा यांत काटकसर नको. आणि हँडलला एक उघड्या तोंडाची लहान पिशवी बांधावी. ज्या लाडवासाठीं थांबावें लागतें तो लाडू खाल्ला जात नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

पुतण्याच्या डोक्यांत 'ब्रेव्हे' आहे. पॅरिसच्या ऑदॅक्स क्लबाच्या नियमांनीं होणाऱ्या या फेऱ्यांत २०० किलोमीटरांस साडेतेरा तास मिळतात. त्याच्या खोलींत नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन बंधूंचें चित्र आहे. त्यांनीं २०१५ सालीं दोघांच्या संघानें सुमारें ४,८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' पुरी केली. २०१७ सालीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकेकट्यानें, बारा दिवसांच्या आंत संपविली. अशा स्वारांमागें खाणेंपिणें पाहणारें पथक गाडींतून चालतें. आमच्या पुतण्याजवळ पथक नाहीं, आई आहे.

ती हकीकत ऐकून वहिनी घटकाभर कांहीं बोलल्या नाहींत. मग सायकलची किल्ली त्यांनीं आपल्या कडोसरीला लावली, ती महिनाभर सोडली नाहीं. माघांत गंगाखेडला जावयाचें ठरलें तेव्हां ती मिळाली, पण डब्यासह: राजगिऱ्याचे बारा लाडू, सहा त्याचे, सहा आमचे, दर अर्ध्या तासास अर्धा. गोदावरीच्या कांठीं, जनाबाईंच्या गांवीं, आम्ही वेळेवर पोहोंचलों व उन्हें चढण्यापूर्वीं घरींही आलों. वहिनींनीं प्रथम डबा उघडला. दोन लाडू उरले होते. त्यांनीं चिरंजीवांकडे पाहिलें. चिरंजीवांनीं आमच्याकडे बोट दाखविलें.