घटातला पाऊस, घटातला राजा

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. एरवी त्याची आठवण कुणी काढत नाही, पण अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उभ्या विदर्भ-खान्देशाचे कान तिकडे लागतात. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी घटमांडणी सुरू केली, असे गावात सांगतात. आजही वाघ घराणेच ती करते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात मातीचा गोल घट आखतात. कडेने गहू, ज्वारी, तूर, उडीद, सरकी, करडी, मसूर, भादली अशी अठरा धान्ये मांडतात. मध्ये खड्डा. त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याने भरलेली घागर. घागरीवर पुरी, पापड, सांडई, कुरडई, करंजी. पुरी म्हणजे पृथ्वी, सांडई-कुरडई म्हणजे गुरांचा चारा, करंजी म्हणजे सरकारी तिजोरी, आणि पानसुपारी म्हणजे राजा. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे कोणता दाणा सरकला, कोणते ढेकूळ भिजले, पान जागेवर आहे का, हे पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता होती, म्हणून राजाबद्दल मौन पाळले गेले. आचारसंहिता पानसुपारीलाही लागू होते, याची मौज वाटली.

दाणे कशाने सरकतात? वारा, मुंग्या, उंदीर एवढे कारण पुरेसे आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षे हेच सांगत आले, आणि त्यांचे बरोबर आहे. मुंगीला जुलैतला पाऊस कळत नाही. पण भाकीत खरे की खोटे, या वादात मांडणीकडे बघायचे राहून जाते. मला तो घट म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या चिंतांची जुनी यादी वाटते. पाऊस आणि पीक त्यात असणारच. चारा आहे, भादलीच्या रूपाने रोगराई आहे. पण राजा आणि तिजोरी कशाला?

याचे उत्तर मला कापसात दिसते. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच तो कोसळला. याच जिल्ह्यातले खामगाव कापसाची मोठी पेठ झाले आणि 1870 मध्ये तिथवर रेल्वे पोचली. ज्याच्या बोंडाचा भाव सातासमुद्रापार ठरतो, त्याला ढगाइतकीच राजाचीही विचारपूस करावी लागते. पानसुपारी घटात आली ती तेव्हाच, असा माझा दावा नाही. ती इतकी वर्षे टिकली का, हे मात्र यातून उमगते.

सरकारी भाकीतही त्याच शतकातले. भारतीय हवामान खाते 1875 मध्ये सुरू झाले. हेन्री ब्लॅनफर्डने हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधायला घेतला आणि 1886 पासून तो नियमित निघू लागला. आता एप्रिलमध्ये देशाच्या सरासरीची टक्केवारी जाहीर होते. ती सरासरी 87 सेंटीमीटरची. विज्ञान म्हणून हा अंदाज कितीतरी वरचढ आहे, पण पाऊस आपल्या बांधाच्या अलीकडे पडेल की पलीकडे, हे तो सांगत नाही. ही फट राहते, तोवर घटाभोवती गर्दी राहणार.

याच दिवसांत रानही बोलत असते. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणून ओरडतो, तो खरे तर विणीच्या ओढीने; अंडी सातभाईच्या घरट्यात घालायची असतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त, असे म्हणतात. ती अंडी घालते उघड्या जमिनीवर, बहुधा चार, खड्यांत खडे दिसतील अशी. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे असे पक्षीसंकेत शहरी वाचकाच्या ओळखीचे झाले. मला त्यातले ऋतुभान पटते. त्यावरून पावसाचे माप काढणे पटत नाही. पावशाचे ऐकायचे तर भर उन्हाळ्यातच तिफण जुंपावी लागेल.

तसे कुणी करत नाही. खान्देशात आखाजीला सालदाराचे जुने साल संपते, नवा करार होतो, माहेरवाशिणी झोक्यावर बसतात, पितरांच्या घागरीवर डांगर ठेवतात. भाकीत चहाच्या टपरीवर चघळले जाते. पेरणी मात्र मृगाची ओल जमिनीत चांगली खोल उतरल्यावरच. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, आणि ती उधारी घट फेडत नाही.